भाडेकरूच्या खोल्यांसाठी सब-मीटर : चार भोकं, वायर कुठली कुठे?

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने देतोय. वीजबिलावरून दर महिन्याला तोंडं वाजायला नकोत म्हणून बाजारातून डिजिटल सब-मीटर आणलाय, सिंगल फेज, ५-३० अँपियर. वरचा लोड म्हणजे दोन पंखे, फ्रिज, टीव्ही, मिक्सर, उन्हाळ्यात कूलर. थंडीत गिझर लावणार म्हणतात.

मीटरच्या खाली ओळीने चार भोकं आहेत. गावातला वायरमन म्हणतो, "फेज आत, फेज बाहेर, मग न्यूट्रल आत, न्यूट्रल बाहेर. वीस वर्षं असंच लावतोय." पण फैजपूरला चुलतभावाकडे मीटर लावला तेव्हा त्याच्या माणसाने दोन्ही न्यूट्रल मधल्या दोन भोकांत घातले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोघांपैकी खरं कोण? आणि उलटसुलट झालं तर जास्तीत जास्त काय होईल, मीटर उलटा फिरेल एवढंच ना?

खानदेशी_ठेचा

भाऊ, मीटरना डबामा हात घालाना आगोदर मेन बंद कर भो! तुन्हा गावना वायरमन हुशार शे, पण मीटर कोणता शे हाई त्याले बी माहीत पाहिजे ना.

आबा_वायरमन

केळीबाग, दोघंही खरे असू शकतात. मीटर दोन तऱ्हेचे येतात. म्हणूनच भानगड होते.

आधी एक गोष्ट पक्की कर. महावितरणचा मीटर, त्याची सर्व्हिस वायर आणि सील यांना हात लावायचा नाही, तुझ्या वायरमननेही नाही. विद्युत कायदा २००३ मध्ये कलम १३८ याच कामासाठी आहे, मीटरशी छेडछाड. सील तुटलेलं दिसलं की मग "चोरी नव्हती हो साहेब" हे सांगत बसावं लागतं, कारण वीजचोरीचं कलम १३५ शेजारीच उभं असतं. तुझी हद्द कंपनीच्या मीटरनंतरच्या मेन स्विचपासून सुरू होते. सब-मीटर त्याच्या पुढे.

क्रम असा ठेव: मेन स्विच, मग वरच्या मजल्यासाठी डबल पोल एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच), मग सब-मीटर, मग वरच्या डीबीत, म्हणजे स्विचांच्या पेटीत, आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) आणि बाकीचे एमसीबी. मीटरच्या आधी डबल पोल का, तर उद्या मीटर बदलायचा झाला तर तुझं अख्खं घर अंधारात घालावं लागू नये आणि मीटरचे चारही स्क्रू मेलेले असावेत.

आता त्या चार भोकांचं. काळं झाकण काढ, उलटं कर. आतल्या बाजूला आकृती छापलेली असते, क्वचित मीटरच्या तोंडावर असते. ती बघून इथे लिही. वीस वर्षांच्या सवयीवर वायर लावायची नसते.

पॅनलवाला_धुळे

आबांना +१. "उलटसुलट झालं तर काय" याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण दोन्हीकडची चूक सारखी नाही.

पहिला प्रकार: १ फेज आत, २ फेज बाहेर, ३ न्यूट्रल आत, ४ न्यूट्रल बाहेर. आतून १ आणि २ जोडलेले, ३ आणि ४ जोडलेले.

दुसरा प्रकार: १ फेज आत, २ न्यूट्रल आत, ३ न्यूट्रल बाहेर, ४ फेज बाहेर. आतून १ आणि ४ जोडलेले, २ आणि ३ जोडलेले.

समजा मीटर पहिल्या प्रकारचा आहे आणि माणसाने दुसऱ्या सवयीने लावला. १ मध्ये फेज, २ मध्ये न्यूट्रल. आत हे दोन्ही एका जाड पट्टीनेच जोडलेले! म्हणजे सरळ डेड शॉर्ट. एमसीबी चालू करताच धाडकन ट्रिप. एमसीबी नसेल, जुना किटकॅट फ्यूज असेल आणि त्यात कोणी तारेचे दोन-तीन पेड भरले असतील, तर टर्मिनलच्या तोंडातून जाळ निघतो आणि समोरच्याचा हात-चेहरा भाजतो. पण निदान ही चूक लगेच कळते.

उलट बाजू बघा. मीटर दुसऱ्या प्रकारचा, लावला पहिल्या सवयीने. १ ला फेज आला, तो आतून ४ ला गेला, आणि ४ ला आपण काय लावलंय? वरच्या खोल्यांचा न्यूट्रल. ३ ला आलेला न्यूट्रल आतून २ ला गेला, तिथे आपण वरच्या खोल्यांचा फेज लावलाय. शॉर्ट होत नाही, एमसीबी पडत नाही. पंखे फिरतात, टीव्ही लागतो, मीटर युनिटंही मोजतो, फार तर रिव्हर्सचा छोटा दिवा लागतो. सगळे खूश! फक्त वरची सगळी बटणं आता न्यूट्रल तोडतात आणि फेज थेट होल्डरपर्यंत जाऊन बसलेला असतो. बटण बंद करून बल्ब बदलायला गेलेला माणूस जिवंत फेजला हात लावतो. कूलरचं बटण बंद, पण आतल्या मोटारीपर्यंत २३० व्होल्ट. खाली पाणी, जाळीला ओला हात. खानदेशात उन्हाळ्यात कूलरचे शॉक कसे बसतात ते इथे कुणाला नव्याने सांगायला नको.

मला विचाराल तर पहिल्या चुकीपेक्षा ही दुसरी भयंकर. ती वर्षानुवर्षं कुणाला कळतच नाही.

केळीबाग_रावेर

बापरे. मी आपलं मीटर उलटा फिरेल इतकंच धरून बसलो होतो.

झाकण उलटं केलं. आकृतीत १ वर आत जाणारा बाण, २ वर आत, ३ वर बाहेर, ४ वर बाहेर. १ आणि ४ वरून एक रेघ गोल काढलीय आणि मध्ये २-३ ला वेगळी.

आबा_वायरमन

म्हणजे दुसरा प्रकार, दोन्ही न्यूट्रल मधोमध. तुझ्या वायरमनच्या सवयीने लावलं असतं तर धुळेकरांनी सांगितलेलं सगळं घडलं असतं. त्याला आकृती दाखव. चांगला कारागीर असेल तर वाईट वाटून घेणार नाही. आणि परवाना आहे का तेही विचार. आपल्याकडे पाना-पक्कड हातात धरली की झाला वायरमन!

अमळनेरची_माई

मध्येच घुसते, माफ करा, पण विषय सब-मीटरचाच आहे. आमच्याकडे वरच्या खोलीला सब-मीटर आधीपासून आहे. भाडेकरू मुलगी सुट्टीत शिरपूरला माहेरी गेली होती, खोलीला कुलूप, फ्रिजही बंद करून गेलेली. तरी मीटरचे आकडे वाढले. "अर्थ" असं लिहिलेला लाल दिवा कायम लागलेला असतो. मीटरवाला म्हणतो मीटर चांगला आहे. ती बिचारी म्हणते, "काकू, मी नव्हते तरी पैसे कसले?" मला उत्तर देता येईना. मीटर खराब समजायचा का?

पॅनलवाला_धुळे

माई, मीटर खराब नसावा. उलट तो जरा जास्तच हुशार आहे.

आपल्याकडचे बरेच डिजिटल मीटर चोरी पकडण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. ते फेजमधला करंटही मोजतात आणि न्यूट्रलमधलाही. दोन्ही सारखे असले तर प्रश्न नाही. फरक पडला की "अर्थ"चा दिवा लागतो आणि जो करंट जास्त असेल तो धरून युनिट मोजले जातात. कंपनीच्या मीटरसाठी हे ठीक आहे. कोणी न्यूट्रल बाहेरून घेऊन चोरी करायला गेला तर सापडतो. पण घरात सब-मीटर म्हणून लावला आणि खालचा-वरचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र झाला, की खालच्या वस्तूंचा परतीचा करंट वरच्या मीटरमधून जातो आणि बिल वरच्याच्या नावावर पडतं.

एक करून बघा. वरच्या खोलीचा डबल पोल स्विच पूर्ण बंद करा आणि खाली घरभर फिरा. खालची कुठली वस्तू बंद पडते का? बहुतेक वेळा जिन्याचा दिवा असतो. टू-वे स्विच लावताना फेज खालून आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून वरून घेतात.

अमळनेरची_माई

आत्ताच करून पाहिलं. जिन्याचा दिवा तर गेलाच, पण गच्चीवरच्या टाकीची मोटारही बंद! मोटारीचं बटण खाली आमच्या स्वयंपाकघरात आहे.

खानदेशी_ठेचा

म्हणजे पाणी तुम्ही भरी ऱ्हायनात आणि बिल ती पोरगी!

पॅनलवाला_धुळे

सापडलं. मोटारीला फेज खालच्या बोर्डातून आणि न्यूट्रल वरच्या बोर्डातून, कारण गच्चीला तो जवळ. एक एचपीची मोटार पूर्ण लोडवर म्हणजे जवळपास एक युनिट तासाला, जुनी असेल तर आणखी जास्त. रोज तास-दीड तास चालली तर महिन्याचे किती होतात ते बघा.

पण माई, पैशाच्या आधी दुसरं सांगतो. अशा घरात वरचा स्विच बंद करून कोणी वरच्या बोर्डात हात घातला, की त्याला वाटतं सगळं मेलेलं आहे. पण खाली मोटारीचं बटण चालू असेल तर फेज मोटारीच्या गुंडाळीतून फिरून त्या तुटलेल्या न्यूट्रलच्या काळ्या वायरीवर येऊन उभा राहतो. काळी वायर म्हणून माणूस बिनधास्त पकडतो. त्या एका वायरीने चांगले चांगले वायरमन भाजलेत.

उपाय एकच, वरच्या खोलीचे सगळे न्यूट्रल फक्त सब-मीटरच्या बाहेर जाणाऱ्या टर्मिनलमधूनच निघाले पाहिजेत आणि खालच्या एकाही न्यूट्रलला भेटता कामा नयेत. मोटारीला आणि जिन्याला खालून स्वतंत्र न्यूट्रल ओढून घ्या. त्यानंतर वर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी लावा. न्यूट्रल अजून कुठे मिसळलेला असला तर मोटार चालू करताच तो पडेल, म्हणजे तपासणीही आपोआप होते.

आयटीआय_भुसावळ

चांगली चर्चा चाललीय. मी मुलांना जे शिकवतो त्यातलं थोडं भर घालतो.

इन्व्हर्टर विसरू नका. मेन बंद, एमसीबी बंद, तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत असते. भारनियमनाच्या दिवसांत प्रत्येक घरात तो आलाय आणि त्याचा फेज कुठल्या बोर्डात फिरवलाय हे घरमालकालाही माहीत नसतं. काम करण्याआधी त्याचंही आउटपुट काढा. वरचं एखादं पॉइंट तुमच्या इन्व्हर्टरवर असेल तर ते सब-मीटरच्या बाहेर राहतं, त्याचा हिशेब वेगळा.

निऑनच्या टेस्टरवर भरवसा ठेवू नका. दिवा लागला तर फेज आहे हे खरं, पण नाही लागला म्हणजे फेज नाही असं नाही. मल्टिमीटर घ्या, ७५० व्होल्ट एसीवर ठेवा, आणि लाल पिन अँपियरच्या भोकात तर नाही ना ते आधी बघा. आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर तपासा, मग ज्यावर काम करायचंय तिथे शून्य येतो का बघा, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या मध्ये मल्टिमीटरची बॅटरीच गेली तर शून्य दिसणारच ना.

काम झाल्यावर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट यायला हवं. न्यूट्रल-अर्थ २३० आणि फेज-अर्थ जवळपास शून्य आलं, तर वर सांगितलेली अदलाबदल झालीय. मल्टिमीटर नसलेल्यांसाठी एक खूण: बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब मिणमिणत असेल तर बटण न्यूट्रलवर असण्याची शंका घ्यावी.

केळीबाग_रावेर

वायर कुठली घेऊ? दुकानदार अ‍ॅल्युमिनियमची दाखवतो, निम्म्या किमतीत. आणि अर्थिंग आहे, पण ते घर बांधलं तेव्हाचं.

आबा_वायरमन

तांब्याची घे. गिझर २००० वॅटचा म्हणजे पावणेनऊ अँपियर, त्यावर फ्रिज, कूलर, मिक्सर. ४ चौरस मिमी तांबं आणि २५ अँपियरचा एमसीबी या लोडला आरामात पुरेल. मीटर ३० पर्यंतचा आहे, तेव्हा ३२ चा एमसीबी लावू नको.

अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. स्क्रूखाली दबतं, तापतं, फुगतं, थंड झालं की आकसतं आणि स्क्रू सैल होतो. सैल झाला की आणखी तापतं. तुमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं, पत्र्याच्या पेटीत मीटर असेल तर आत किती असेल ते तूच बघ. बहुतेक जळालेले मीटर मी टर्मिनलपाशी जळालेले पाहिलेत, आतलं यंत्र शाबूत असतं. म्हणून पेटी पश्चिमेच्या भिंतीवर ठोकू नको.

लावताना: टोक सोलशील ते टर्मिनलच्या खोलीइतकंच. जास्त सोललंस तर उघडं तांबं बाहेर राहतं, कमी सोललंस तर स्क्रू प्लास्टिकवर बसतो, वरून घट्ट वाटतो आणि आत काहीच धरलेलं नसतं. सगळे पेड पीळ देऊन एकत्र, किंवा फेरूल (टोकावरची धातूची टोपी) दाबून. "भोकात मावत नाहीत" म्हणून दोन पेड कापणारे महाभाग असतात, त्यांना दारातूनच परत पाठव. प्रत्येक टर्मिनलला दोन स्क्रू आहेत, दोन्ही आवळायचे. मग वायर ओढून बघायची. थोडे दिवस लोड चालल्यावर मेन बंद करून पुन्हा एकदा आवळायचे. बोट लावून वायर गरम लागली किंवा मासळीसारखा वास आला तर थांबायचं, प्लास्टिक भाजतंय.

अर्थिंगचं: आपली तापीकाठची काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थ झकास. एप्रिल-मेमध्ये जमिनीला भेगा पडतात, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरता उरतो. शॉक नेमके तेव्हाच बसतात, कारण कूलर तेव्हाच चालतो. खड्ड्यात पाणी घालत जा, आणि रेझिस्टन्स एकदा मोजून घे. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडायचा शहाणपणा मात्र नको. न्यूट्रल तुटला की कूलरची सगळी बॉडी फेज होते.

जामनेर_शेतकरी

शेतातल्या ५ एचपीच्या पंपाला असाच सब-मीटर लावता येईल का? भाऊबंदकीत विहीर एक, पंप एक, वाटेकरी तीन.

पॅनलवाला_धुळे

लावता येतो, थ्री फेजचा. मोटार सात-आठ अँपियर घेते, त्याला सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) लागत नाही, थेट वायर जाणारा मीटर पुरतो. मोठ्या लोडला कोणी सीटीवाला मीटर देऊ केला तर एक ध्यानात ठेवा, मुख्य वायरीतून करंट चालू असताना सीटीच्या दुय्यम वायरी कधीही उघड्या करायच्या नाहीत, तिथे मोठा व्होल्टेज तयार होतो. पण मीटर तर एकूण युनिट सांगेल. तिघांपैकी कोणी किती वेळ पाणी घेतलं हे कोण सांगणार? त्यासाठी वहीच लागेल भाऊ. स्टार्टर, कपॅसिटर, सिंगल फेजिंग, त्याला वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

नंदुरबारचा_भाडेकरू

आता आमच्या बाजूनेही कोणी बोला. मालक सब-मीटर लावतात आणि युनिटला मनाला येईल तो दर सांगतात. घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी वर. मी महिन्याला ८०-९० युनिट वापरतो. मला सगळ्यात खालचा दर पडायला हवा, पण मालकाच्या घरचे मिळून ३५० होतात म्हणून माझ्याकडून वरच्या टप्प्याचा दर घेतात.

केळीबाग_रावेर

पण टप्पा तुमच्या युनिटांमुळेच वर जातो ना? तुम्ही नसता तर आमचे २६० च झाले असते. तो भार मालकानेच का सोसायचा?

नंदुरबारचा_भाडेकरू

आणि तुमचे २६० नसते तर माझे ९० पहिल्या टप्प्यात बसले असते. कोणाचे युनिट आधी मोजायचे?

आबा_वायरमन

हे कोंबडी-अंड्याचं भांडण आहे, मीटरने सुटणारं नाही. मी लोकांना सांगतो की एकूण बिल भागिले एकूण युनिट, जो सरासरी दर येईल तो दोघांना. स्थिर आकाराचं आधी ठरवून घ्या. आणि मालकाने त्यावर नफा घेऊ नये, आपल्याला वीज विकायचा परवाना नाही.

भाडेकरूला कायमचं राहायचं असेल तर सगळ्यात सरळ म्हणजे त्याच्या नावाने वेगळं कनेक्शन. विद्युत कायद्याच्या कलम ४३ मध्ये वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला आहे तसाच तिथे राहणाऱ्यालाही आहे. मग टप्पाही त्याचा, बिलही त्याचं, सब-मीटर हवाच कशाला?

अजून एक, वरच्या खोलीत भाडेकरूने पार्लर किंवा शिवणकामाचं दुकान थाटलं आणि कनेक्शन घरगुती असलं, तर तो अनधिकृत वापर म्हणून कलम १२६ मध्ये येतो आणि दुप्पट दराने आकारणी तुझ्या नावावर निघते. भाडेकरारात वीज कशासाठी वापरायची ते लिहून घे.

अमळनेरची_माई

मोटारीचा आणि जिन्याचा न्यूट्रल खालून ओढून घेतला. अर्थचा लाल दिवा विझला. आता वरचा स्विच बंद केला तर खाली काहीच जात नाही. आरसीसीबी बसवल्यावर मोटार चालू केली, पडला नाही. त्या मुलीचे मागचे जास्तीचे पैसे भाड्यातून वळते करतेय.

केळीबाग_रावेर

माझंही काम झालं. परवानाधारक माणूस रावेरहून बोलावला. त्याने आधी झाकणच उलटं करून पाहिलं, तेव्हाच बरं वाटलं. न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्ट, फेज-अर्थ २२५.

आता एक शेवटची शंका. मीटर बरोबर मोजतोय हे कसं तपासायचं? मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं लिहिलंय.

आयटीआय_भुसावळ

वरचं बाकी सगळं बंद करा. १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत पूर्ण बुडवा, मगच चालू करा, बादलीत हात नको. इस्त्री घेऊ नका, ती मध्येच बंद-चालू होते. मीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. १००० वॅटला तासाला एक युनिट, म्हणजे ३२०० लुकलुक, मिनिटाला ५३.

केळीबाग_रावेर

५१ आले. दोन कमी. मीटर हळू चालतोय का?

आयटीआय_भुसावळ

तुमच्याकडे व्होल्टेज २२५ आहे असं तुम्हीच लिहिलंय. रॉडवरचे १००० वॅट २३० व्होल्टला. व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वॅट उतरतात, तेव्हा २२५ ला तो रॉड साधारण ९५७ वॅटच घेतो, आणि त्याला ५१ च यायला हवेत. मीटर अगदी बरोबर आहे.

खानदेशी_ठेचा

भाडेकरूसमोर मोजशाल तर २३० व्होल्टनी वाट देखा, नहीतर तो म्हणी "५३ सांगेल व्हतं"!